चावी कोणाच्या खिशात?

"क्लाउडवर टाकून दे, टेन्शन संपलं." वणीपासून उमरखेडपर्यंत आपल्या पोरांच्या तोंडी हेच वाक्य आहे. जातीचा दाखला, मोर्चाचे व्हिडिओ, पीडित कुटुंबाचा जबाब, कार्यकर्त्यांची यादी, सगळे एकाच खात्यात. दुसरीकडे काही जण छाती ठोकून सांगतात, "आमचं सगळं आमच्या मोबाइलमध्येच, बाहेर काही जात नाही." आम्ही म्हणतो, दोघेही गाफील आहेत.

क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, दुसऱ्याच्या मालकीचे कॉम्प्युटर. दोन वर्षे न वापरलेले खाते मिटवण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे ठेवला आहे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला स्वतःचे कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपणच सुरू करावी लागते. किती जणांनी केली? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ सरकारला माहिती उघडून घेण्याचा अधिकार देते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे. तुमच्यासाठी कोणतीही कंपनी तुरुंगात जाणार नाही.

मग घरातले सुरक्षित? डॉ. आनंद तेलतुंबडे आपल्याच राजूरचे, वणी तालुक्यातले. २०१९ मध्ये पेगाससचे लक्ष्य ठरलेल्यांत त्यांचे नाव पुढे आले. १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्याच दिवशी, त्यांना अटक झाली. त्याच भीमा कोरेगाव खटल्यातील रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून फाइली पेरल्या गेल्या, घुसखोर बावीस महिने आत होता, असे आर्सेनल कन्सल्टिंगच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण धडा घ्यायला निकालाची वाट कशाला बघायची?

आणि एकच प्रत म्हणजे मरणाची हमी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड आला तो १९७९ मध्ये. ज्या समाजाने आपले कागद गमावण्याची भीती इतकी वर्षे सोसली, त्याने फुटलेल्या मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असे विचारणाऱ्या मित्रांनो, तुमचे नसेल. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये जबाब देणाऱ्या बाईचे आहे. तिला रोज त्याच गावात, त्याच रस्त्याने शेतावर जायचे आहे. तिचे नाव तुमच्या फोनमधून फुटले, तर गुन्हेगार तुम्हीही आहात.

म्हणून वाटणी करा. दाखले, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये खुशाल ठेवा. त्यातून सरकारला नवे काही कळत नाही. पुराव्याचा व्हिडिओ मूळ मोबाइलमध्ये जसाच्या तसा ठेवा. कापू नका, नाव बदलू नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते आणि फाइल बदलली की तीही बदलते. शिवाय दोन प्रती काढा: एक पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर, दुसऱ्याच गावातल्या विश्वासू साथीदाराकडे, एक क्लाउडवर, पण आधी व्हेराक्रिप्टसारख्या मोफत साधनाने कुलूप लावूनच. साक्षीदारांच्या याद्या मात्र ग्रुपवर टाकूच नका. काम संपले की पुसा.

घरात की क्लाउडवर, हा प्रश्नच अपुरा आहे. चावी कोणाच्या खिशात, हा खरा प्रश्न. ती आपल्याच खिशात असली पाहिजे.

जयभीम!