मुष्टियुद्ध, वजन आणि न्याय

आंतरशालेय मुष्टियुद्धाच्या सामन्यांस जे पालक उपस्थित राहतात, त्यांच्यामध्यें एक तक्रार वारंवार ऐकूं येते. आपल्या मुलाचा प्रतिस्पर्धी त्याच्याहून वीतभर उंच, हात लांबच लांब, आणि तरी दोघे एकाच वजनगटांत ! हा कसला न्याय, असें विचारणारे केवळ पराभूत मुलांचेच आईबाप असतात असें नाहीं. विजयी मुलाच्या मनांतही शंका डोकावते कीं, आपण जिंकलों तें कौशल्यानें कीं निसर्गानें दिलेल्या हाडापेरानें ? प्रश्न रास्त आहे. परंतु तक्रारीचा रोख भलतीकडे आहे असें आमचें मत असून, तें येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्वीन्सबेरीचे नियम इ. स. १८६७ मध्यें प्रसिद्ध झाले व त्यांनीं हातमोजे आणि तीन मिनिटांची फेरी रूढ केली. परंतु वजनांची पक्की विभागणी लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबानें १९०९ मध्यें केली. तिच्यांत आठ गट होते. सर्वांत हलका फ्लायवेट, त्याची मर्यादा ११२ पौंड; सर्वांत वरचा हेवीवेट, त्यास मर्यादाच नाहीं. हेतु उघड होता. ठोशामागें साऱ्या देहाचा भार उभा असतो. १६० पौंडांच्या गड्याचा ठोसा ११२ पौंडांच्या गड्यानें झेलावा, ही लढत नव्हे, मारहाण होय.

आतां कांटा उंची मोजीत नाहीं हें खरें. पण तो उंची फुकटही मिळूं देत नाहीं. समान वजनाचीं दोन मुलें घ्या. त्यांतला उंच मुलगा तितकाच सडपातळ असावयाचा, व ठेंगण्याचें मांस मान, खांदे व मांड्या यांत गोळा झालेलें असावयाचें. एकाला लांबून मारतां येतें, तर दुसऱ्याला आंत घुसून. थॉमस हर्न्स सहा फूट एक इंच उंच असून १४७ पौंडांच्या गटांत लढे. सप्टेंबर १९८१ मध्यें लास व्हेगस येथें शुगर रे लेनर्ड या त्याच्याहून ठेंगण्या योद्ध्यानें त्यास चौदाव्या फेरींत हरविलें. तोंवर गुण हर्न्सचेच अधिक होते, हेंही सांगितलें पाहिजे. लांब हात निरुपयोगी असतो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पनामाचा रोबेर्तो दुरान १९७२ मध्यें १३५ पौंडांच्या गटाचा जगज्जेता झाला, आणि त्यानेंच १९८९ मध्यें, वयाच्या ३७ व्या वर्षीं, आपल्याहून सुमारें अर्धा फूट उंच अशा आयरन बार्कलीस १६० पौंडांच्या गटांत नमविलें. बांधा हा चपळाईसारखा किंवा तीक्ष्ण नजरेसारखाच एक जन्मजात गुण आहे. तो समान करावयाचा तर उद्यां डोळेही समान करावे लागतील.

मग अन्याय कोठेंच नाहीं काय ? आहे, परंतु तो निसर्गाच्या देणगींत नसून उसन्या वजनांत आहे.

धंदेवाईक मुष्टियुद्धांत वजन बहुधा आदल्या दिवशीं घेतात. गडी आठवडाभर अन्न तोडतो. शेवटचे दोन दिवस पाणीही वर्ज्य करून, वाफेच्या खोलींत बसून चरकांतून निघालेल्या उसासारखा कोरडा होतो. कांट्यावर क्षणभर उभा राहतो. आणि उतरल्याबरोबर पाणी, मीठ व अन्न पोटांत घालूं लागतो. दुसऱ्या रात्रीं रिंगणांत उतरतो तो निराळाच माणूस. २६ फेब्रुवारी २००० रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें आर्तुरो गाटी व जोई गमाश यांची लढत १४१ पौंडांच्या मर्यादेनें ठरली होती. लढतीच्या रात्रीं दूरचित्रवाणीवाल्यांनीं दोघांस पुन्हां कांट्यावर उभें केलें, तेव्हां गमाश १४५ पौंड भरला व गाटी १६० ! दुसऱ्या फेरींत गमाश कोसळला. मेंदूस कायमची इजा झाली व तो पुन्हां कधीं लढला नाहीं. आदल्या दिवशींचें वजन तरी नीट घेतलें होतें कीं नाहीं, याचा वाद पुढें न्यायालयापर्यंत गेला. यांत गाटीचा जन्मजात बांधा कोणास टोंचला असता ? टोंचतें तें हें कीं, कांट्यावर एक माणूस उभा होता व रिंगणांत दुसराच.

वाद नवा नाहीं. वेल्सचा जिमी वाइल्ड हा ११२ पौंडांच्या गटाचा जगज्जेता. त्याचें अंगचें वजन त्या मर्यादेसही पोंचत नसे, आणि तरी आपल्याहून जड गड्यांस तो लोळवीत असे. जानेवारी १९२१ मध्यें लंडन येथें पीट हर्मन या वरच्या गटांतील योद्ध्याशीं त्याची गांठ पडली. वजन केव्हां घ्यावें यावरून लढतीपूर्वींच खटका उडाला होता. सतराव्या फेरींत लढत थांबवावी लागली व वाइल्ड हरला.

"सगळेच असें करितात, मग अन्याय कोणावर ?" असें कांहीं जाणते लोक म्हणतात. हें उत्तर आम्हांस मुळींच पटत नाहीं. सर्वांचीं शरीरें सारखें पाणी सोडीत नाहींत. जो सोडण्यास नकार देतो त्याच्या वांट्यास आपल्याहून जड गडी येतो. आणि अखेर हा खेळ जिवाशीं आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयीन कुस्तींत १९९७ सालीं नोव्हेंबर-डिसेंबरांत तीन तरुण वजन उतरवितांना मरण पावले. शरीरांतलें पाणी आटलें कीं रक्त दाट होतें, हृदयावर ताण पडतो, आणि घाम नाहींसा झाल्यानें अंगची उष्णता बाहेर पडेनाशी होते. याला मल्लविद्या म्हणावें काय ?

मग वजन लढतीच्या दिवशींच घ्यावें, एवढ्यानें भागेल काय ? पूर्णपणें नाहीं. नोव्हेंबर १९८२ मध्यें दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लढतींतील माराने मृत्यु पावला. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या, आणि त्याच दशकांत वजन आदल्या दिवशीं घेण्याची रीत पडली. सुकलेल्या गड्यास सावरण्यास वेळ मिळावा हा हेतु चांगलाच होता. शिवाय कुस्तींत सकाळीं वजन घेतात, तरी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें विनेश फोगाट दुसऱ्या सकाळीं ५० किलोंहून अवघी १०० ग्रॅम अधिक भरली व अंतिम लढतीस मुकली. पूर्वीं ती ५३ किलोंच्या गटांत खेळत असे. रोगाचें मूळ मोसमाच्या आरंभींच शोधलें पाहिजे. वरील तीन मृत्यूंनंतर अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं तसें केलें: शरीरांत पुरेसें पाणी असतां मल्लाचें वजन घेऊन त्याचा किमान गट ठरवावयाचा, आणि आठवड्यास दीड टक्क्याहून अधिक वजन उतरवूं द्यावयाचें नाहीं. आम्हांस हाच मार्ग पसंत आहे.

लहान चणीच्या खेळाडूंवर खरा अन्याय कसा होतो, याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. मणिपूरची मेरी कोम ४८ किलो व त्याहून हलक्या गटांत पांच वेळां जगज्जेती झाली होती. २०१२ मध्यें लंडन ऑलिंपिकांत स्त्रियांचें मुष्टियुद्ध प्रथमच आलें, तेव्हां पुरुषांस दहा गट व स्त्रियांस तीनच. त्यांत सर्वांत हलका ५१ किलोंचा. मेरीला वर चढून मोठ्या देहाच्या मुलींशीं लढावें लागलें. उपांत्य फेरींत निकोला ॲडम्सनें तिला हरविलें व तिला कांस्यपदक मिळालें. येथें दोष ॲडम्सच्या देहाचा नव्हता, गट पाडणारांचा होता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचीं शरीरें अद्याप वाढत आहेत. दोन किलो उतरविण्यासाठीं डबा परत नेणें, भर उन्हांत लोकरीचे कपडे घालून धांवणें, तहान मारणें, हे प्रकार कोणी सुचविल्यास तें घरीं सांगावें. सुचविणारा संघाचा नायक असो वा आणखी कोणी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्यें लंडन येथें ५२ किलोंच्या गटांत कुस्ती खेळून सहावे आले, आणि १९५२ मध्यें हेलसिंकी येथें ५७ किलोंच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, पुढील सामन्यांच्या वेळीं प्रतिस्पर्ध्याच्या उंचीविषयीं तक्रार न नेतां सामन्यांच्या चालकांकडे दोन गोष्टी मागाव्या: प्रत्येक मुलाच्या वजनाची सत्राच्या आरंभापासूनची नोंद, आणि लढतीच्या सकाळीं सर्वांसमक्ष घेतलेलें वजन. दोन्ही आंकडे फलकावर शेजारीं शेजारीं लिहिले जावेत.