परवाना ही मेहेरबानी नव्हे!

११ जुलै २०२५ रोजी छत्रपती शिवरायांच्या स्वराज्याशी निगडित बारा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मानाचे स्थान मिळाले. अकरा दुर्ग महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. त्या अकरांत मावळचा लोहगडही आहे. वारशाची मोहोर उमटली की वर्दळ वाढते, वर्दळीमागून व्यापार येतो आणि व्यापारामागून भांडवल. लोणावळ्यालगतचे औंढे, तेथून लोहगडाकडे जाताना लागणारी देवले, पाटण, भाजे यांसारखी गावे या नव्या वर्दळीच्या वाटेवर उभी आहेत. गडावर येणाऱ्याला पिठले-भाकरी कोण वाढणार, त्याच्या मुक्कामाची सोय कोण करणार आणि त्याच्या पिशवीत चिक्की कोणाच्या हातची जाणार? गावच्या तरुणाच्या आणि बचतगटातील भगिनींच्या, की मुंबई-पुण्याहून आलेल्या भांडवलदाराच्या? या प्रश्नाचे उत्तर कष्टांवर आणि कल्पकतेवर अवलंबून असायला हवे. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी अवलंबून असते परवान्यावर.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण मराठी माणसाने अनुभवातून घडवली. गेल्या दहा-बारा वर्षांत ती खोटी ठरवण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मात्र ते प्रयत्न कुठवर पोहोचले आणि कुठे अडले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

कायदा बदलला, हे खरे

मुंबई दुकाने व संस्था अधिनियम १९४८ सालचा. छोट्या किराणा दुकानदारालाही नोंदणी, नूतनीकरण आणि निरीक्षकाची भेट या चक्रातून त्याने जवळजवळ सत्तर वर्षे फिरवले. त्याच्या जागी आलेला २०१७ चा नवा अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याने एक मूलगामी गोष्ट केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्राची गरज उरली नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची, एवढेच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली.

या बदलाचे महत्त्व पुरेसे ध्यानात आलेले नाही. परवाना मागणारा नागरिक हात जोडून उभा असतो; सूचना देणारा नागरिक ताठ मानेने उभा राहतो. पहिल्यात शासन 'देते', दुसऱ्यात शासन 'नोंद घेते'. स्वातंत्र्यानंतर चार दशके या देशाने परवाना-परमिटचे राज्य अनुभवले. राजाजींनी त्याला ते नाव देऊन त्याविरुद्ध आवाज उठवला. १९९१ मध्ये मोठ्या उद्योगांच्या पायातील बेडी सैल झाली. टपरीवाल्याच्या, शिवणकाम करणाऱ्या भगिनीच्या पायातील बेडी सैल व्हायला मात्र आणखी पंचवीस वर्षे लागली.

याच काळात आणखी तीन पावले पडली. मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने अनेक सेवांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढून साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरले. त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि 'आपले सरकार' हे संकेतस्थळ सुरू झाले. १ जुलै २०२० पासून केंद्राची 'उद्यम' नोंदणी आधार क्रमांक आणि स्वतःच्या निवेदनावर, विनाशुल्क होऊ लागली. नागरिक खरे बोलतो असे आधी गृहीत धरायचे आणि खोटे निघाल्यास शासन करायचे, हा या साऱ्यामागचा विचार आहे. परक्या सत्तेने रयतेकडे संशयाने पाहावे, हे समजण्यासारखे होते. स्वकीयांच्या राज्यात तो संशय कशाला?

खिडक्या झाल्या, रस्ता झाला नाही

मग घोडे अडते कुठे? औंढ्यातील एखाद्या बचतगटाने चिक्की आणि पापड-लोणची विकायची, गडावर येणाऱ्यांना घरगुती जेवण द्यायचे आणि घरातील दोन खोल्या मुक्कामाला द्यायच्या असे ठरवले, तर काय करावे लागते? खाद्यपदार्थांची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे, तीही केंद्राच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावरून. आस्थापनेविषयीचे काम कामगार विभागाकडे. तराजू आणि वजनांवरची मुद्रा वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे. खोली वाढवायची तर नियोजन प्राधिकरण म्हणून २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पाहुणे ठेवायचे तर पर्यटन विभागाची योजना. शेतीशी जोडायचे असेल तर २०२० चे कृषी पर्यटन धोरण. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आहेच. कर्ज हवे तर उद्यम नोंदणी. उलाढाल वाढली तर वस्तू व सेवा कर.

यातील बहुतेक खिडक्या आता संगणकीकृत आहेत. प्रत्येक विभागाने आपापल्या खिडकीला नवी काच बसवली. परंतु या खिडकीकडून त्या खिडकीकडे जाण्याचा नागरिकाचा रस्ता कोणी बांधला नाही. प्रत्येक संकेतस्थळाचे नाव वेगळे, परवलीचा शब्द वेगळा. छायाचित्राचा आकार इथे वेगळा, तिथे वेगळा. सात-बारा शासनाचाच, घरपट्टीचा उतारा शासनाच्याच अंगाचा, आधारही शासनाचेच. तरी ते कागद शासनालाच पुनःपुन्हा सादर करायचे! पूर्वी हेलपाटे पायांनी घालावे लागत, आता ते बोटांनी घालावे लागतात.

त्यात नगर आणि गाव यांच्या सीमारेषेचा तिढा. लोणावळ्याच्या बाजारपेठेला १९६५ चा नगर परिषद अधिनियम लागू. हद्द ओलांडून गावात पाऊल टाकले की १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. पर्यटकाला ही रेषा दिसत नाही. त्याच्या लेखी सारे लोणावळाच. व्यवसायिकाला मात्र ती पावलोपावली आडवी येते. नगर परिषदेकडे निदान विभाग असतात, कर्मचारी असतात. ग्रामपंचायतीत एक ग्रामपंचायत अधिकारी असतो, आणि त्याच्याकडे दुसऱ्या गावाचाही भार असू शकतो. शहरीकरण हद्दीबाहेर धावत सुटले आणि सुविधा हद्दीतच थबकली, हे पुण्या-मुंबईभोवतीच्या प्रत्येक गावाचे दुखणे आहे.

दलालाला नवे रूप

अशा गुंतागुंतीत कोणाचे फावते? पूर्वी तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली दलाल बसत असे. आज तो संगणक घेऊन दुकानात बसतो. ज्या पोचपावतीला कायद्याने परवाना मानलेलेच नाही, ती 'शॉप ॲक्ट लायसन्स काढून मिळेल' अशा फलकाखाली विकली जाते. जी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यासाठी शेकडो रुपये मोजणारे कमी नाहीत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ही 'ऑनलाइन' व्यवस्थेची गत.

बाहेरून येणाऱ्या भांडवलाला या गुंत्याची झळ लागत नाही. त्याच्याकडे सनदी लेखापाल असतो, वकील असतो, वास्तुविशारद असतो. मोठ्या उद्योगांसाठी राज्याने 'मैत्री' हा कक्ष उभारला आणि २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम करून त्या एक-खिडकी व्यवस्थेला कायद्याचे पाठबळ दिले. गुंतवणूक हवी, रोजगार हवा, तेव्हा हे योग्यच झाले. पण कोट्यवधींच्या प्रकल्पाला एक खिडकी आणि चिक्कीच्या कढईला आठ, हा न्याय कोणता? अंत्योदयाचा विचार मानणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी रांग सर्वांत लांब असते, ही अवस्था बदलण्यालाच सुशासन म्हणतात.

परवाना नकोच, असे नव्हे

यावर काही जण म्हणतील, सगळेच परवाने रद्द करा. हा दुसऱ्या टोकाचा आततायीपणा होय. घाटातील रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या मजुरांच्या गूळ-शेंगदाण्यातून लोणावळ्याची चिक्की नावारूपाला आली, असे सांगितले जाते. त्या चिक्कीचा लौकिक विश्वासावर उभा आहे. २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने तेथील एका नामांकित उत्पादकाला अन्नसुरक्षेच्या नियमांचे पालन होत नसल्याच्या कारणावरून काही काळ उत्पादन थांबवण्यास सांगितले, तेव्हा साऱ्या बाजारपेठेला त्याची धग जाणवली. खाणाऱ्याच्या आरोग्याशी जिथे संबंध येतो, तिथे तपासणी हवीच आणि ती लहान-मोठा असा भेद न करता हवी.

भारतीय परंपरेला हे नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाजारावर देखरेख करणारा संस्थाध्यक्ष आहे, वजनमापांचा पौतवाध्यक्ष आहे आणि वजनांवर दर चार महिन्यांनी मुद्रा उमटवून घेण्याचा नियमही आहे. त्याच ग्रंथात अधिकारी राजधनाचा अपहार कसा करतात, याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. व्यापाऱ्यावर लक्ष हवे आणि व्यापाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्यावरही हवे, हा समतोल आपल्या पूर्वसूरींनी साधला होता.

शिवाय परवाना ही छोट्या माणसाची ढालही असते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणालगतच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेने सारा महाराष्ट्र हळहळला. पाठोपाठ धरण परिसरातील अनधिकृत टपऱ्यांवर कारवाई झाली. पर्यटकांच्या जिवाचा प्रश्न होता. कारवाईला विरोध करण्याचे कारण नाही. पण भजी आणि मक्याची कणसे विकून पावसाळ्याच्या चार महिन्यांत वर्षाची मीठ-भाकरी जोडणाऱ्यांचे पुढे काय? पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, निश्चित जागा अशी त्याची रचना आहे. ज्याच्या हाती प्रमाणपत्र आहे, त्याला हटवताना नोटीस द्यावी लागते, पर्यायी जागेचा विचार करावा लागतो. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याची टपरी एका सकाळी नाहीशी होते. कागदाचे मोल ज्याच्यापाशी तो नसतो त्यालाच कळते.

हाती असलेले शस्त्र

तेव्हा मागणी काय करायची? नव्या कायद्याची गरज नाही. आहे त्याचा अंमल पुरे. लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवांची यादी, त्यांचे शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील प्राधिकारी यांची नावे कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही तर दोन अपिले विभागातच करता येतात आणि तिसरे थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. पुरेशा कारणाविना सेवा नाकारणाऱ्या वा रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. शास्तीची रक्कम मोठी नाही, पण सेवापुस्तकाची काळजी असलेल्या अधिकाऱ्याला ती टोचते. किती गावांत हा फलक लागला आहे? आणि लागला असेल तर तो किती जणांनी वाचला आहे?

दुसरी गोष्ट भाषेची. २०२२ मध्ये विधिमंडळाने दुकानांवरील मराठी पाट्यांची सक्ती लहान आस्थापनांनाही लागू केली आणि स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून चालावा म्हणून स्वतंत्र अधिनियम केला. पाटी मराठीत हवी, हे रास्तच. मग त्या दुकानासाठी भरायचा प्रत्येक अर्ज, त्याची प्रत्येक सूचना आणि नकाराचे प्रत्येक कारणही शुद्ध, समजेल अशा मराठीत हवे. दुकानदाराकडून मराठीची अपेक्षा करणाऱ्या शासनाने तोच नियम स्वतःला आधी लावावा.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतीतील 'आपले सरकार सेवा केंद्रा'ची. २०११ पासून 'संग्राम' आणि २०१६ पासून या नावाने गावोगावी संगणक पोहोचला, केंद्रचालक नेमले गेले. पायाभूत रचना तयार आहे. व्यवसाय सुरू करणाऱ्याला सर्व विभागांची वाट एकाच ठिकाणी दाखवण्याचे काम या केंद्राकडे सोपवावे, दरपत्रक दर्शनी लावावे आणि प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. मोठ्यांच्या 'मैत्री'चे गावरान रूप औंढ्याच्या ग्रामपंचायतीतही उभे राहू शकते.

समाजाचेही काही कर्तव्य

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. समाजानेही काही करायचे असते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आधी समाज जागा झाला, मग शासन. परवान्यांच्या बाबतीत तर कायदे तयार आहेत; केवळ हात धरून वाट दाखवणारा माणूस हवा आहे.

मावळात आणि लोणावळ्यात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, संगणक लीलया हाताळणारी महाविद्यालयीन मुले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, गावच्या देवळाच्या सभामंडपात एक टेबल, एक संगणक आणि सर्व नोंदण्यांची एक स्वच्छ मराठी यादी, एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहते. कोणती नोंदणी लागते, कोणती लागत नाही, कशाला पैसे पडतात, कशाला पडत नाहीत आणि मुदत टळली तर अपील कोठे करायचे, हे पाच प्रश्न सुटले तरी दलालाचे निम्मे दुकान बंद होईल. अशा कामाचा गाजावाजा होत नाही, पण घर उभे राहते.

लोहगडाच्या पायथ्याशी येत्या काळात पैसा वाहणार, हे निश्चित. ज्यांच्या पूर्वजांनी हे गड राखले, त्या मावळ्यांच्या वंशजांनी त्या पैशाकडे केवळ पहारेकरी, स्वयंपाकी आणि वाहनचालक म्हणून पाहत राहायचे, की मालक म्हणून गल्ल्यावर बसायचे? त्यांच्या हाती वेळेवर पडणारी एक साधी पोचपावती या प्रश्नाचा निकाल लावू शकते. तिच्यासाठी कोणापुढे हात जोडण्याचे कारण नाही. ती त्यांच्या हक्काची आहे.