विचारणारा खासदार, वाटणारा खासदार

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास आटोपला आणि शून्य प्रहराचा गलबला ओसरला, की नियम ३७७ खालच्या निवेदनांची पाळी येते. तोपर्यंत वार्ताहरांच्या कक्षातील बहुतेक मंडळी उठून गेलेली असतात आणि सभागृहातील बाकेही बरीचशी रिकामी झालेली असतात. कुणा सदस्याला आपल्या तालुक्यातील रेल्वेफाटकावर पूल हवा असतो, कुणाला जलद गाडीचा एक थांबा हवा असतो, तर कुणाच्या मतदारसंघातील टपाल कचेरीला दहा वर्षे स्वतःची इमारत नसते. अशा निवेदनाला अडीचशे शब्दांची मर्यादा आहे. एका सदस्याला आठवड्यातून एकच विषय मांडता येतो आणि दिवसाला वीस विषयांहून अधिक घेतले जात नाहीत. त्यावर मंत्र्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे असे बंधन नाही. पुष्कळदा तर वेळेअभावी निवेदन वाचूनही दाखविले जात नाही. ते पटलावर ठेवले असे मानून सभागृह पुढे सरकते.

सुशिक्षित वाचकाला या प्रकाराविषयी फारशी आस्था नाही. गल्लीतले प्रश्न दिल्लीत कशाला, संसद म्हणजे नगरपालिका नव्हे, असा शेरा तो सहज मारतो. या शेऱ्यामागे मोठी वैचारिक परंपरा आहे हेही मान्य केले पाहिजे. एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांसमोर जे भाषण केले त्याचे सार हेच होते, की पार्लमेंट ही निरनिराळ्या हितसंबंधांच्या वकिलांची सभा नसून एका राष्ट्राची सभा आहे. परंतु राष्ट्राचे हित कळायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर बर्कच्या भाषणात शोधून सापडत नाही. दिल्लीतील मंत्रालयाला देशाविषयी जे कळते ते आकड्यांच्या तक्त्यांतून कळते. आणि तक्त्यात जे येत नाही ते अस्तित्वातच नाही, असे समजण्याची सवय प्रत्येक मंत्रालयाला असते. मागच्या बाकावरच्या सदस्याचा प्रश्न म्हणजे तक्त्यात न आलेल्या वस्तुस्थितीची नोंद होय. ती नोंद ग्राम्य वाटली तरी तिच्यावाचून राष्ट्रीय हिशेब पुरा होत नाही.

कोकण रेल्वेचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. साठच्या दशकात रेल्वे दिव्याहून पनवेल आणि आपट्यापर्यंत आली आणि तेथे थबकली. त्याखाली रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे, लोहमार्गावाचूनच राहिले. चाकरमानी मुंबईतल्या गिरण्यांत राबत होता आणि गावाकडची चूल त्याच्या मनिऑर्डरीवर पेटत होती. गावी जायचे तर एसटीने घाटवळणे पार करावी लागत, नाहीतर बोटीने. आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटही बंद. लोहमार्गाची मागणी झाली तेव्हा रेल्वेचा दंडक आडवा आला. नव्या मार्गावर गुंतविलेल्या पैशाचा परतावा किती, हे त्या दंडकाने ठरत असे. आणि परतावा ठरायचा तो उपलब्ध वाहतुकीवरून. गाडीच नसल्यामुळे वाहतूक नव्हती आणि वाहतूक नव्हती म्हणून गाडी मिळत नव्हती. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे वर्तुळ ओळखता येईल. ज्याच्यापाशी क्रयशक्ती नाही त्याची गरज बाजारात मागणी म्हणून उमटत नाही; तसेच येथे झाले होते, फक्त बाजाराची जागा रेल्वे मंडळाने घेतली होती.

हे वर्तुळ तोडण्याचे काम संसदेत ज्यांनी अंगावर घेतले त्यांत पहिले ठळक नाव बॅरिस्टर नाथ पै यांचे. १९५७ मध्ये ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले, १९६२ आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि शेवटपर्यंत विरोधी बाकांवरच बसले. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयी गोलकनाथ निकालानंतर त्यांनी आणलेले खासगी विधेयक अभ्यासक आजही आठवतात. त्याच माणसाने कोकणच्या रेल्वेसाठीही सभागृहात आवाज उठविला, आणि या दोन कामांत त्यांना विसंगती वाटली नाही. बाहेर अ. ब. वालावलकर यांच्यासारखा ध्यास घेतलेला माणूस पायी हिंडून मार्गाची पाहणी करीत होता. संसदेतील प्रश्नाला धार येते ती अशा बाहेरच्या खटपटीमुळे, हे सहसा विसरले जाते.

जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रा. मधु दंडवते राजापूरहून निवडून आले आणि तेव्हापासून एकूण सलग पाच वेळा निवडून आले. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. तिच्यावर पाठ टेकणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल कोण जाणे. परंतु रेल्वेमंत्रीपद हाती येऊनही कोकणची गाडी मतदारसंघात पोचली नाही. रोह्यापर्यंत रूळ आले तेच १९८६ मध्ये. अखेर १९९० मध्ये, दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेर एक महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी सहा टक्के असा भांडवलाचा वाटा ठरला आणि उरलेला पैसा प्रामुख्याने कर्जरोख्यांतून उभा करण्यात आला. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग वाहतुकीसाठी खुला झाला.

यावर एक आक्षेप संभवतो. शेवटी काम झाले ते दोन मंत्र्यांच्या जोरावर; मग तीस वर्षांच्या प्रश्नांचे श्रेय ते काय? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु अर्थ आणि रेल्वे ही दोन खाती अनेक मंत्र्यांनी सांभाळली आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या मतदारसंघात काही नवा लोहमार्ग धावला नाही. मंत्र्याच्या हातात संधी जेमतेम वर्षभर होती. तेवढ्या अवधीत निर्णय होऊ शकला, कारण वाद आधीच घालून झाला होता, पाहण्या झाल्या होत्या, आक्षेपांची उत्तरे कार्यवृत्तात छापलेली होती. सभागृहातील प्रश्न हे एक प्रकारचे भांडवल आहे. ते सावकाश साठते आणि योग्य वेळी एकदम कामाला येते. याबरोबरच हेही नमूद केले पाहिजे, की रेल्वेचे जुने हिशेबनीस अगदीच चुकीचे नव्हते. कर्जाच्या व्याजाखाली महामंडळ पहिली काही वर्षे वाकले होते आणि पुढे त्याच्या वित्तव्यवस्थेची फेररचना करावी लागली. परंतु दोन जिल्ह्यांचे दळणवळण बदलले ते त्या ताळेबंदात कोणत्या रकान्यात मांडायचे, हे त्यांनाही सांगता आले नसते.

आणि मतदारांनी काय केले? महामंडळाच्या स्थापनेनंतर वर्षही उलटले नव्हते, तोच १९९१ च्या निवडणुकीत राजापुरात दंडवते पराभूत झाले. पराभवाची कारणे अनेक असतील. पण अन्य खासदारांनी त्यातून काय धडा घेतला असेल याची कल्पना करता येते. पूल, मार्ग, कारखाना यांसाठी वीस-वीस वर्षे भांडावे आणि फळ दिसू लागताच घरी बसावे, हा व्यवहार कुणाला परवडणार?

पुढच्या दोनच वर्षांत, डिसेंबर १९९३ मध्ये, खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी सुरू झाला. आरंभी पाच लाखांची असलेली रक्कम लगेच एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी झाली. खासदाराने काम सुचवायचे, जिल्हाधिकाऱ्याने ते करवून घ्यायचे आणि पूर्ण झाल्यावर कोनशिलेवर नाव कोरायचे. समाजमंदिर, एसटी थांब्यावरचा निवारा, शाळेची एखादी खोली, चौकातील उंच खांबावरचे दिवे ही कामे निरुपयोगी आहेत असे कुणी म्हणणार नाही. परंतु त्यांचे प्रमाण पाहिले पाहिजे. २०२४ च्या निवडणुकीत देशात सुमारे ९७ कोटी मतदार नोंदलेले होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी पावणेअठरा लाख. पाच कोटींना या संख्येने भागले तर दरसाल दर मतदारामागे अठ्ठावीस रुपये पडतात. कोकण रेल्वेला सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये लागले. १९९८ मधील दोन कोटींच्या वार्षिक निधीतून ती बांधायची म्हटली असती तर साडेसतराशे वर्षे लागली असती.

यापेक्षाही खोल अपाय वेगळा आहे. संसदेचे काम शासनाला जाब विचारण्याचे. ज्या जिल्हा प्रशासनाकडून आपली कामे मार्चअखेर मार्गी लावून घ्यायची आहेत, त्याच प्रशासनाच्या ढिलाईविषयी दिल्लीत प्रश्न विचारायला सदस्याची जीभ कशी रेटेल? परीक्षकाने उत्तरपत्रिका लिहिण्यास मदत करावी आणि मग गुणही द्यावेत, तसलाच हा प्रकार. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये हा निधी बंद करावा अशी शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. करोनाच्या काळात २०२० मध्ये तो स्थगित झाला तेव्हा बराच आरडाओरडा झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हा विरोधकांनी निषेध नोंदविला खरा. मतदारसंघातून मात्र फारसा कुणी आवाज केला नाही.

प्रश्नाला किंमत नाही असे मात्र कुणी समजू नये. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. ज्या वस्तूला मोल नाही तिची लाच कुणी देत नाही. सत्ताधारी पक्षाच्याच मागच्या बाकावर बसून फिरोज गांधी यांनी १९५७ च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा कंपन्यांतील गुंतवणुकीचे प्रकरण लावून धरले आणि पुढच्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मतदानात पक्षादेशाबाहेर जाण्याची सोय सदस्याला उरलेली नाही. प्रश्न विचारताना मात्र पक्षादेश आड येत नाही. साध्या सदस्याच्या हाती जे काही स्वातंत्र्य शिल्लक आहे ते एवढेच.

या हत्याराचा एक पैलू तर मतदारांना सहसा माहीतच नसतो. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ ही मंत्र्यांची ठेवणीतील वाक्ये ऐकून लोक हसतात. प्रश्नकर्त्याच्या हातावर वाटाण्याच्या अक्षता पडल्या असे समजतात. वस्तुतः लोकसभेच्या प्रथेनुसार अशी वाक्ये शासकीय आश्वासने ठरतात. ती टिपून ठेवण्यासाठी १९५३ पासून एक स्वतंत्र समिती आहे आणि तीन महिन्यांत आश्वासनाची पूर्तता करावी, नाहीतर मुदतवाढ मागावी, असा संकेत आहे. म्हणजे मंत्र्याचे गुळमुळीत उत्तर हीसुद्धा एक हुंडी असते. ती वटविण्यासाठी पाठपुरावा करणारा सदस्य मात्र हवा. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या अवधीत किती तारखा सांगितल्या गेल्या आणि किती टळल्या हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. या तारखांपैकी ज्या सभागृहात दिल्या गेल्या त्यांचा हिशेब मागण्यासाठी कोणतीही नवी यंत्रणा उभारावी लागत नाही.

हिशेब मागायला वेळ हवा, आणि तोच आटत चालला आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या २७४. ब्रिटिश कॉमन्स सभेत दररोज कामकाजाच्या शेवटी अर्धा तास एखाद्या साध्या सदस्यासाठी राखून ठेवलेला असतो. सभागृहात पाचसहा माणसे उरलेली असली तरी संबंधित खात्याच्या मंत्र्याला थांबून उत्तर द्यावेच लागते. आपल्या नियमांतही अर्धा तास चर्चेची तरतूद आहे, पण अलीकडे ती क्वचितच वापरली जाते. नियम ३७७ खालच्या वीस निवेदनांपैकी निदान दोन रोज चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि त्यांना मंत्र्याने त्याच दिवशी सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे, एवढा बदल करायला घटनादुरुस्ती लागत नाही. लोकसभेच्या नियम समितीने मनावर घेतले तर एका अधिवेशनात तो होऊ शकतो, आणि त्याला दर मतदारामागे अठ्ठावीस रुपयेही खर्च येणार नाही.