खळ्यावरील धूळ व मजुराचा श्वास

सुगीच्या दिवसांत खळ्यावरून धूळ उडू लागली की शेतकऱ्याच्या मनाला समाधान वाटते. वर्षभराच्या कष्टाचे माप आता पदरी पडणार, या आनंदात त्या धुळीचा विचार कोणी करीत नाही. मळणीवर राबणाऱ्या मजुराला रात्री खोकल्याची उबळ आली तरी 'सुगीत खोकला यायचाच' असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. ही समजूत चुकीची आहे व ती आता टाकून दिली पाहिजे.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांना धुळीमुळे जडणाऱ्या श्वासविकारांचे वर्णन त्यात आहे. पुढे १९३२ साली इंग्लंडमध्ये, बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या फुप्फुसविकाराची नोंद झाली. उसाच्या जुन्या, बुरसलेल्या चिपाडाच्या धुळीनेही याच जातीचा विकार होतो.

खळ्यावरील धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. तीत भुसा, कुसळे, किडींचे अवशेष व बुरशीचे बीजाणू असतात. परतीच्या पावसात भिजलेली सोयाबीनची सुडी किंवा ओलसर राहिलेली कडब्याची गंजी आतून तापते, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. त्या उबेत बुरशी व काही सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात. सुडी मोडताना त्यांचे बीजाणू धुरासारखे उडतात आणि अतिशय बारीक असल्यामुळे श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात.

या विकाराची खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काम करताना विशेष त्रास होत नाही. परंतु ४ ते ८ तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो व छाती भरून येते. एकदोन दिवसांत आराम पडतो आणि माणूस पुन्हा त्याच कामावर जातो. असे वारंवार घडल्यास फुप्फुस हळूहळू कडक होते व झालेली हानी भरून निघत नाही. ताप व खोकला पाहून हा हिवताप किंवा क्षय असावा असे वाटते. त्या रोगांची तपासणी अवश्य करावी; परंतु त्याबरोबर 'आज दिवसभर कोणते काम केले?' हेही रोग्यास विचारले पाहिजे.

मळणी यंत्रात हात सापडून होणाऱ्या अपघातांकडे शासनाचे लक्ष गेले व संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला. तुटलेला हात सर्वांना दिसतो. झिजलेले फुप्फुस कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि तो मजूर कोणत्या खळ्यावर आजारी पडला हे सांगता येत नाही. मळणीची टोळी आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या. मोबदला बहुधा पोत्यामागे ठरलेला. त्यामुळे धूळ असह्य झाली तरी काम थांबविणे मजुरास परवडत नाही. म्हणून 'ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी' हा उपदेश येथे पुरेसा नाही. ज्याचे खळे व ज्याचे यंत्र, त्यानेच प्रथम जबाबदारी उचलली पाहिजे.

त्यासाठी फार खर्च येत नाही. सुडी उंच जागी रचून ताडपत्रीने झाकावी. भिजलेले पीक उन्हात वाळवूनच मळावे. आधारभूत दराच्या खरेदीस सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के धरतात. तेव्हा वाळवण्याचे श्रम भावातही भरून येतात. वाळलेल्या पिकाचीही धूळ उडते, हे खरे; म्हणून भुसा वाऱ्याच्या दिशेने पडेल असे यंत्र उभे करावे व मजुरांना वाऱ्याच्या वरच्या बाजूस ठेवावे. भुशाच्या तोंडाशी एकाच माणसास दिवसभर राबवू नये. पदर किंवा उपरणे तोंडास बांधल्याने मोठे कण अडतात, बारीक बीजाणू अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ जातीची, नाकातोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी मालकाने पुरवावी. ज्यास एकदा हा त्रास झाला आहे, त्यास दुसरे काम द्यावे. मात्र त्याची मजुरी कापू नये.

गावपातळीवरील कार्यकर्ते बियाणे व खते यांविषयी आस्थेने सांगतात. त्यांनी सुगीपूर्वीच्या सभेत या विषयासही स्थान द्यावे, आणि सुगीत खोकणारा मजूर दिसल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून त्याच्या कामाची माहिती डॉक्टरांस कळवावी. धान्य घरी आणताना ते आणणाऱ्याचा श्वास खर्ची पडू नये, एवढी दक्षता प्रत्येक खळ्यावर घेतली गेलीच पाहिजे.