रंगावरील दुसरा हात

गेल्या कार्तिकात भंडाऱ्यास भगिनीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. भाच्याने वर्षापूर्वी नवी मोटार घेतली आहे. कर्जाचे हप्ते अद्याप चालू आहेत. गाडी घेतेवेळी विक्रेत्याने रंगाच्या रक्षणार्थ पारदर्शक लेपाचा एक हात दिलेला होता. आता त्याचा निरोप आला होता की, इकडील उन्हास एक हात पुरत नाही, दुसरा देऊन घ्यावा. खर्च सात हजार. "मामा, भिंतीलाही आपण दोन हात देतोच ना?" भाचा म्हणाला. भगिनीचे लक्ष मात्र त्या सात हजारांवर होते. तिच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी पौषापूर्वी नागपूरच्या खेपा घालावयाच्या होत्या.

भाच्याचा प्रश्न वेडगळ नव्हता. ज्या प्रांतात तो वाढला तेथे थरावर थर देण्याची विद्या घरचीच आहे. भंडारा आणि गोंदिया हा १९९९ च्या १ मेपर्यंत एकच जिल्हा होता, आणि त्याच्या रानांतील पळसांच्या फांद्यांवर लाखेच्या किड्यांनी घातलेली राळ खरवडून लोक पोट भरीत आले आहेत. तीच लाख शुद्ध करून स्पिरिटात विरघळविली म्हणजे सुताराचे पॉलिश तयार होते. जुन्या शिसवी कपाटावर सुतार त्याचे पातळ हात कित्येक दिवस देत राही. नव्या हातातील स्पिरिट खालचा थर किंचित मऊ करते, दोन्ही एकजीव होतात, आणि जाडी खरोखर वाढत जाते. मोटारीच्या रोगणास इंग्रजीत जे लॅकर म्हणतात तो शब्दही आपल्या लाक्षेपासून निघून, देशोदेशी फिरून परत आलेला आहे. गंमत अशी की, १९२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूको नावाचे जे लॅकर मोटारींवर आले व ज्यामुळे आठवड्यांचे रंगकाम थोड्या दिवसांवर आले, त्यात लाख नव्हती. ते नायट्रोसेल्युलोजचे होते. नाव तेवढे मागे राहिले.

परंतु आजचा संरक्षक लेप लाखेच्या रीतीने वागत नाही. कारखान्यात गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर बसवितात तो सुमारे चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. मेणाचा किंवा कृत्रिम बहुवारिकांचा लेप त्याच्यावर जेमतेम एखाद्या मायक्रॉनाचा बसतो. जास्त चोळलेले फडक्यावर निघून येते. पहिला हात नीट वाळण्याच्या आत दुसरा दिला, तर त्यातील द्रावक पहिल्यालाच सोडवून पुसून नेण्याचा संभव असतो. उन्हाविषयी विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, आणि वैशाखात काळा पत्रा त्याहून अधिक तापू शकतो. म्हणूनच ब्राझीलमधील कार्नाऊबा ताडाचे मेण वापरतात. ते ८० अंशांपलीकडे वितळते. पण वितळणाऱ्या लेपाचे दोन हात दिले तरी दोन्ही वितळणारच!

मग दुसऱ्या हाताचा उपयोग काय? पहिल्या हातात जी जागा सुटली ती झाकणे, एवढाच. माणसाचा हात सर्वत्र सारखा फिरत नाही. टपाचा मध्य लांब पडतो, दाराच्या तळाशी वाकावे लागते.

येथे आमचा एक लाजिरवाणा अनुभव सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमची गाडी तुमसरकडे एका भातगिरणीच्या शेजारी दोन दिवस उभी होती. उसन्या तांदळाच्या गिरण्यांत भट्टीसाठी तूसच जाळतात. त्याची राख हवेबरोबर येऊन बसते. त्या राखेचा मोठा भाग सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, आणि ते रंगाहून कठीण. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींकडून येणाऱ्या रस्त्यांवरची धूळही काही मऊ नसते. आम्ही कोरडे फडके घेऊन ती राख झटकली, आणि मोठ्या उत्साहाने त्यावर लेपाचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिले तो बॉनेटभर कोळ्याची जाळी! ओरखडे काढावयाचे तर तो मूळचा पातळ थरच घासून कमी करावा लागतो. आम्ही ते तसेच राहू दिले, सौ. अजूनही पाहुण्यांना ते दाखविते.

तेव्हा भाच्यास म्हटले, सात हजारांचे मागाहून पाहू, आधी गाडी धू. सकाळी सावलीत उभी करून प्रथम नुसत्या पाण्याच्या धारेने राख वाहून जाऊ दिली, नंतर मोटारीच्या साबणाने व मऊ हातमोज्याने धुतली. भांड्यांची पूड वापरू दिली नाही. ती लेपही काढते. पुसूनही लगेच घेतली, कारण विहिरीचे जड पाणी वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. मग स्वच्छ पत्र्यावर तांब्याने पाणी ओतून पाहिले. बॉनेटवर, दारांवर पाणी मोत्यांसारखे गोळा होऊन ओघळले. टपाच्या मधोमध मात्र ते पसरून बसले, आणि डाव्या मागच्या दाराखाली हातभर पट्ट्यातही तसेच. धुतल्यावरही पाणी असे पसरते तेथे लेप नाही किंवा झिजला आहे, असे समजण्यास हरकत नसते.

पहिला लेप कोणत्या जातीचा ते पावतीवर होतेच. त्याच जातीची लहान बाटली बाजारात साडेचारशेस मिळाली. तिच्यावर वाळण्याची मुदत बारा तासांची लिहिलेली होती. (सिरॅमिक म्हणून जे लेप निघाले आहेत त्यांत दुसऱ्या हाताची वेळ निराळी असते, तेथे बाटलीवरील सूचनाच प्रमाण.) भाच्याने त्या दोनच जागी अगदी पातळ हात दिला, पुसला, आणि गाडी रात्रभर अंगणातील पत्र्याखाली ठेवली. विक्रेत्याचा दूरध्वनी दुपारी पुन्हा आला. भगिनीनेच तो घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुके असतानाच भाचा आजीस घेऊन नागपुरास निघाला. दवाने टपावर मोती उभे राहिले होते. आजींना ते दिसत नव्हते. त्यांनी हात लावून ओलावा तेवढा पाहिला, आणि काचा वर कर, गार वारा लागतो, म्हणाल्या.