वर्गात मुलं किती?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलैत, आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. नातवाचं इंजिनिअरिंग! सीईटीचे पर्सेंटाइल चांगले होते, पण डोळे दिपावेत असे नव्हते. सीओईपी, व्हीजेटीआयला कॉम्प्युटर मिळणार नाही हे उघड होतं. पुण्याच्या बाहेरच्या बाजूला एक मोठं खासगी कॉलेज आहे, ते मिळेल असं दिसत होतं. आणि आमच्याच बाजूचं एक लहान, एकाच तुकडीचं कॉलेज नक्की मिळेल. कॉम्प्युटरच घ्यायचं यावर एकमत, कुठे घ्यायचं यावर रोज रात्री जेवताना परिषद.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. एकतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. मोबाइलवर मराठी टाइप करायला मला या नातवानेच शिकवलं. तेव्हा आईंनी यात पडू नये असं सूनबाईंच्या मनात आलं असेल तर ते चूक नव्हतं. तरीही मी पडले. त्याला कारण आहे, ते पुढे सांगते.

आधी मोठं कॉलेज बघायला गेलो. सातारा-स्वारगेट विनावाहक गाडी, तिथून रिक्षा. काचेची इमारत, कारंजं, खाण्यापिण्याची अर्धा डझन दुकानं. भिंतभर फलक, त्यावर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली लाखांतले आकडे. टेबलाशी एक तरतरीत मुलगी माहिती सांगत होती. मी विचारलं, "एका वर्गात मुलं किती?" ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे कॉम्प्युटरचे आठ सेक्शन आहेत." मी पुन्हा विचारलं, "हो, पण एका वर्गात किती?" तिने कुणाला तरी फोन केला. उत्तर आलं, साधारण ऐंशी.

साठ म्हणजे साठ नसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मंजूर जागा साठ. त्यावर फीमाफीच्या जागा, आर्थिक दुर्बळांच्या जागा. दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा करून थेट येणारी मुलं वेगळी. शिवाय पूर्वी एका शाखेत किती जागा द्यायच्या याला वरून मर्यादा होती, ती एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगलं मूल्यांकन असलेल्या कॉलेजांसाठी उठवली. साहजिकच जिथे मागणी तिथे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, तुकड्या वाढल्या. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे म्हणतात. आहे ना! पण तो हिशोब कागदावर सगळ्या मुलांना सगळ्या शिक्षकांनी भागून होतो. वर्गात फळ्यासमोर उभा असतो एकच, आणि त्याच्यापुढे ऐंशी.

आता लहान कॉलेज. तिथे कुणी टेबल मांडून बसलेलं नव्हतं. शिपाई म्हणाला, "विभागात जावा सरळ." गेलो. प्रॅक्टिकल चालू होतं. कॉम्प्युटर जुनेच दिसत होते, एका कोपऱ्यात दोन मुलं जमिनीवर बसून केबल जोडत होती. सरांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि आपलं काम चालू ठेवलं, हेच मला आधी आवडलं. एका मुलीचा प्रोग्रॅम बरोबर चालला होता. सर म्हणाले, "ही ओळ काढून टाकली तर काय होईल?" ती गोंधळली. सर गप्प उभे राहिले. दोन मिनिटं तरी उभे राहिले असतील! मग तिने काहीतरी सांगितलं, ते चुकलं, पुन्हा सांगितलं. सरांनी मान हलवली आणि जर्नलवर लाल शाईने दोन ओळी लिहिल्या. मी नंतर ते जर्नल मागून बघितलं. विषय शून्य कळला, पण तपासलेली वही आणि नुसती सही ठोकलेली वही यातला फरक मला झोपेतही कळतो.

ज्यांनी निबंध तपासले आहेत त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. पस्तीस निबंध असले की मूल दिसतं, पंचाहत्तर असले की फक्त शुद्धलेखन दिसतं. प्रोग्रॅमचंही तसंच असावं. त्यात आता २०२२च्या अखेरीपासून ते चॅटजीपीटी आलंय. मागाल तो प्रोग्रॅम बिनचूक लिहून मिळतो. म्हणजे उत्तर बरोबर आहे यावरून मुलाला येतं की नाही हे कळायची सोयच गेली. ते फक्त त्याच्या शेजारी उभं राहून "ही ओळ काढली तर?" असं विचारणाऱ्याला कळणार. आणि तसं विचारायला त्या माणसाकडे वेळ हवा. म्हणून माझं मत असं, की मितभाषी आणि मधल्या कुवतीच्या मुलाने हा विषय शिकायचा तर जिथे त्याचं काम कुणीतरी खरोखर वाचतं तिथे शिकावा. पहिल्या शंभरातल्या मुलांचं वेगळं, ती कुठेही शिकतात.

लहान म्हणजे चांगलं असं मात्र मी म्हणत नाही. कितीतरी कॉलेजं लहान आहेत ती केवळ जागा भरत नाहीत म्हणून. तिथे तासिका तत्त्वावरचे शिक्षक सहा महिन्यांत बदलतात. म्हणून मी त्या सरांना विचारलं की विभागात कायम शिक्षक किती. ते जरा थांबून म्हणाले, "नऊ जागा आहेत, भरलेल्या पाच." लपवलं नाही. कंपन्याही तिथे कमी येतात, तेही त्यांनीच सांगितलं. पगाराचं विचारताना मी माझ्या पद्धतीने विचारलं. सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाला किती? त्यांनी आकडा सांगितला. तो काही फार मोठा नव्हता. मोठ्या कॉलेजात हाच प्रश्न विचारला तेव्हा मला सर्वात पुढच्या मुलाचा आकडा सांगण्यात आला होता, दोनदा.

नातेवाइकांचं काय सांगावं! "पुणं सोडून इकडे? मार्क कमी पडले का हो?" हे निदान पाच जणांनी विचारलं. जणू पुणे-मुंबई सोडली की विद्याच संपते. सांगलीचं वालचंद १९४७ सालचं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० सालचं. असो.

आता ते कारण.

१९९४ साली माझा धाकटा मुलगा, म्हणजे याच नातवाचा बाप, बारावी झाला. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या मार्कांवरच प्रवेश. त्याला जवळचं एक लहान कॉलेज मिळत होतं आणि दूरच्या शहरातलं एक नावाजलेलं. त्याला जवळचं हवं होतं. मी ऐकलं नाही. हे सुद्धा लिहितेच, की मला ते नाव आमच्या शिक्षक खोलीत सांगायचं होतं. पोरगा गेला. दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन यायचा, "बरं चाललंय." पत्रंही तशीच. दुसऱ्या दिवाळीला आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत मला गुणपत्रिका सापडली. पहिल्या वर्षाचे पाच विषय राहिले होते. वर्ष गेलं होतं, आणि तो खोलीवर बसून होता. कॉलेजातून पत्र नाही, निरोप नाही. वर्गात सव्वाशे मुलं, त्यात एक दिसेनासा झाला तर कुणाला कळणार? मी मात्र माझ्या वर्गातलं पोर तीन दिवस आलं नाही की त्याच्या घरी जाणारी बाई! माझ्याच पोराच्या बाबतीत मला दीड वर्ष पत्ता नव्हता.

पुढे त्याने पूर्ण केलं, साडेपाच वर्षांत. आज एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे, उत्तम आहे. पण त्या दीड वर्षाबद्दल आम्ही दोघं एक शब्दही कधी बोललो नव्हतो.

म्हणून गेल्या जुलैत माझी अडचण अशी होती, की लहान कॉलेज बरं असं माझं ठाम मत, पण ते नातवावर लादलं तर मी १९९४चीच चूक उलट्या दिशेने करणार. त्याचे तिघे मित्र पुण्याला निघाले होते, त्याचा जीव तिकडे. शिवाय पसंतीक्रमात पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते मिळालं की प्रवेश तिथेच, मग मागे फिरता येत नाही. मला वाटलं, त्याला बापाची गोष्ट कळली पाहिजे. पण ती सांगायचा अधिकार माझा नव्हता. दोन दिवस विचार करून मी मुलाला म्हटलं, "तुझं ते पहिलं वर्ष... त्याला सांगू का?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू नको. मी सांगतो."

रात्री दोघं गच्चीवर गेले. साडेअकराला खाली आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना नातवाने मला विचारलं, "आजी, ते सर सगळ्यांचंच जर्नल असं बघतात का गं, की आपण गेलो होतो म्हणून?" मी म्हटलं, "आपण गेलो होतो हे त्यांच्या लक्षात तरी होतं का, मला शंका आहे." तो हसला आणि त्याने त्याच्या मनाने क्रम लावला. लहान कॉलेज पहिलं.

एक वर्ष होत आलं. पुण्यातल्या मित्रांचे कार्यक्रमांचे, स्पर्धांचे फोटो येतात ते बघून तो अधूनमधून खट्टू होतो. त्यांच्याकडे मोठ्या कंपन्यांची माणसं बोलायला येतात, याच्याकडे येत नाहीत, हे खरंच आहे. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी त्यालाच दारोदार फिरावं लागेल, आणि तेव्हा तो मला काय म्हणेल याची धास्ती मला आहे.

फेब्रुवारीत एकदा त्याचा रात्री फोन आला, चिडलेला. ओळीने दोन प्रॅक्टिकल बुडवली म्हणून सरांनी बोलावून घेतलं होतं, बरं नाहीये का विचारलं, आणि वडिलांचा नंबर मागितला. "आजी, इथे साधी दांडी मारायची सोय नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग दिलास का नंबर?"

"दिला. बाबांना फोनही करून झाला त्यांचा."

मी मुलाच्या खोलीत डोकावले. तो अजून फोनवरच होता. सरांशीच बोलत होता की दुसऱ्या कुणाशी, कळलं नाही. मी दार लोटून घेतलं.