आगोट आणि वादळ

मे महिना उतरणीला लागला की कोकणात आगोटीची धांदल सुरू होते. वाल, तांदूळ, मीठ, चिंच, सुकट-बोंबील, कांद्याच्या माळा आणि सरपण घरात येऊन पडते. कौले चाळली जातात, फुटकी बदलली जातात, पडवीला झडप लागते. चार महिने पावसाने घराबाहेर पडू दिले नाही तरी चूल विझू नये, ही या बेगमीमागची दृष्टी होय. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली असल्याने तिच्यात उणे काढण्याजोगे फारसे नाही. परंतु या यादीत एक गोष्ट नाही, आणि ती नसण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. ती गोष्ट म्हणजे वादळ. आपला पश्चिम किनारा शांत, वादळे बंगालच्या उपसागरात व्हावयाची आणि ओरिसा-आंध्राने ती सोसावयाची, अशी आपली समजूत होती. त्यातही समुद्रापासून दूर असलेल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात, कुंभिवलीसारख्या गावात, ही समजूत अधिकच पक्की असावी हे स्वाभाविक आहे. ज्या गावाला समुद्र दिसत नाही, त्याने समुद्राच्या वादळाची चिंता का करावी?

३ जून २०२० रोजी या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मृग लागण्यास चार-पाच दिवस अवकाश असताना ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड आणि अलिबाग तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्यामानाने कमी लक्षात राहिलेली गोष्ट ही की, वादळ किनाऱ्यावर थांबले नाही. ते रायगड ओलांडून घाट चढले, आणि मावळ-जुन्नरकडील शेतकऱ्यांच्या हरितगृहांची छपरेही त्याने फाडली. अलिबागहून खालापूर हवाई रेषेने सुमारे ५० किलोमीटर आहे. वादळाला हे अंतर म्हणजे दोन-तीन तासांची वाट. किनारा आणि अंतर्भाग हा भेद नकाशावर जितका ठळक दिसतो, तितका वाऱ्याला तो मान्य नाही.

हा अपवाद होता असे मानून स्वस्थ बसता आले असते, तर आम्हांस हे लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते. ‘निसर्ग’नंतर वर्षही पुरे होण्यापूर्वी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या समोरून समुद्रातून पुढे गेले. त्याने किनारा गाठला तो गुजरातेत, परंतु जाता जाता बॉम्बे हायच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडवून साठांहून अधिक कामगारांचे प्राण घेतले. एकट्या २०१९ सालात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. या समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि तापलेले पाणी हेच वादळाचे इंधन होय. गेल्या काही दशकांत या समुद्रातील वादळांची संख्या वाढली आहे आणि ती अधिक काळ टिकू लागली आहेत, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. पावसाळ्यापूर्वीचे एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर असे वादळांचे दोन हंगाम असतात. त्यांपैकी पहिला नेमका आगोटीच्या दिवसांवर येऊन पडतो. तेव्हा ज्या हातांनी कौले चाळावयाची, त्याच हातांनी, त्याच आठवड्यात वादळाचीही व्यवस्था करता येण्यासारखी आहे.

ती व्यवस्था कोणती? घराच्या बाबतीत प्रथम विचार छपराचा करावयास हवा. वारा छप्पर वरून दाबून मोडतो अशी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात तो बहुधा छप्पर उचलतो. छपरावरून वेगाने वाहणारा वारा वरच्या अंगाला ओढ निर्माण करतो. ती ओढ कडांवर, कोपऱ्यांवर, आढ्याजवळ आणि बाहेर आलेल्या वळचणीवर सर्वांत अधिक असते. अशातच एखादे दार वा खिडकी उघडी राहिली अथवा फुटली, म्हणजे आत शिरलेला वारा खालून रेटतो, आणि वरची ओढ व खालचा रेटा यांच्यामध्ये सापडलेला पत्रा आपले खिळे उपटून निघून जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. नेहमीच्या वळवाच्या वाऱ्यात तीस वर्षे टिकलेले छप्पर वादळात टिकेलच असे म्हणता येत नाही, ते याचमुळे. भारतीय मानकांच्या वाऱ्याच्या नकाशात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर हा मूळ वेग धरून बांधकामाची गणिते करावीत, असे सांगितले आहे. म्हणजे ताशी सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर झाले. कर्जत-खालापूर या दोहोंच्या मधे वसले आहे. येथील किती पडव्यांचे, गोठ्यांचे, दुकानांच्या पुढे काढलेल्या पत्र्यांचे गणित कोणी केले असेल?

उपाय मात्र महाग नाही, आणि हीच या प्रकरणातील सर्वांत खेदाची बाब आहे. पत्रा नुसत्या खिळ्यांनी न ठोकता आकड्याच्या बोल्टांनी पन्हळीच्या उंचवट्यावर घट्ट आवळावा, आणि कडेच्या ओळींत हे बोल्ट अधिक जवळजवळ घालावेत. वासे भिंतीवर नुसते टेकलेले नसावेत. ते लोखंडी पट्टीने किंवा जाड तारेने भिंतीतील आडव्या तुळईशी वा खांबाशी बांधलेले असावेत. कौलारू घरात वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींतील कौले तारेने बांधता येतात. छपरावर दगड, वाळूची पोती किंवा जुनी टायरे ठेवून निर्धास्त होण्याची रीत गावोगाव दिसते. तिचा वळवाच्या वाऱ्यात थोडा उपयोग होत असेल, परंतु पत्रा उचलला गेला की हेच दगड घरातल्या माणसांच्या डोक्यावर यावयाचे. प्लास्टिकची पाण्याची टाकी भरलेली असावी आणि बांधलेलीही असावी. हल्ली छपरांवर सौरपट आले आहेत. त्यांच्या सांगाड्यांचे बोल्ट वर्षातून एकदा तपासणे हे वीजबिल वाचविण्याइतकेच अगत्याचे आहे. घरालगतच्या गुलमोहरासारख्या ठिसूळ झाडांच्या वाळलेल्या व छपरावर आलेल्या फांद्या वेळेवर छाटाव्यात. सबंध झाडच तोडण्याचा उत्साह मात्र कोणी दाखवू नये, कारण उतारावरची माती त्याच झाडांनी धरून ठेवलेली असते.

दुसरी तयारी काळोखाची. ‘निसर्ग’नंतर विजेचे खांब इतके पडले की, दक्षिण रायगडातील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही आणि नळाला पाणी नाही. दूरध्वनीचे मनोरे मुके होतात, आणि मुंबई-पुण्यातील मुलाला गावच्या आईबापांची खबर मिळत नाही. देशातील आरंभीच्या जलविद्युत केंद्रांपैकी एक १९१५ साली ज्या खोपोलीत सुरू झाले, तिच्या आसपासच्या वाड्यांनी कंदिलाची काच पुसून ठेवावी, असे सांगण्याची वेळ यावी हा दैवदुर्विलास खरा. पण सांगावे लागत आहे. आठवडाभराचे पिण्याचे पाणी साठविण्याची भांडी, घड्याळाच्या सेलवर चालणारा छोटा रेडिओ, विजेरी, नेहमीच्या औषधांचा पंधरा दिवसांचा साठा, आणि शिधापत्रिका, सात-बारा, आधारपत्र व बँकेचे पुस्तक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवलेले, एवढे आगोटीच्या सामानात सहज बसते. त्याबरोबर घराची आतून-बाहेरून चार छायाचित्रे वादळाच्या आधीच काढून दूर राहणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवावीत. पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या भिंतीवरून ती उभी असताना कशी होती हे सिद्ध करणे किती कठीण असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस या सूचनेचे मोल निराळे सांगावयास नको. मध्यमवर्गीय वाचकांसाठी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांस ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक झाले असून तीत वादळ, पूर आणि दरड या आपत्ती समाविष्ट आहेत. मोटारीचा विमा न चुकता उतरविणारा गृहस्थ घराचा विमा उतरविण्याचे टाळतो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

आणि येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांशी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. गेल्या काही दशकांत कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू कुटुंबांनी बंगले बांधले. हे बंगले सिमेंट-काँक्रीटचे आहेत; ‘निसर्ग’सारखे वादळ आले तरी बहुधा त्यांची काचच फुटेल. परंतु बंगल्याची राखण करणारे कुटुंब अनेक ठिकाणी कुंपणालगतच्या पत्र्याच्या खोपटात राहते. मालक शहरात, पक्के घर कुलपात आणि माणसे पत्र्याखाली, अशी ही व्यवस्था आहे. वादळाचा इशारा मिळताच त्या कुटुंबाने बंगल्याच्या दिवाणखान्यात येऊन राहावे, हे मालकाने आधीच सांगून, किल्लीही देऊन ठेवावी. यास कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. गालिचा खराब होईल ही भीती असेल तर तो गुंडाळून ठेवावा.

या बंगल्यांसाठी डोंगर कापून सपाट्या केल्या गेल्या, ओहोळ वळविले अथवा बुजविले गेले, हा प्रश्न याहून मोठा आहे. कारण या भागात वाऱ्याने जितके मरतात त्यापेक्षा पाण्याने आणि दरडीने अधिक मरतात. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्या रात्री कोणतेही चक्रीवादळ नव्हते, पाऊस होता. म्हणून वादळाच्या लेखात तिचा उल्लेख कशाला, असे कोणी विचारील. परंतु वादळ वाऱ्याबरोबर अशाच पावसाची झोड आणते, आणि यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही. उतारावर नवी भेग दिसणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, या खुणा डोंगराखालच्या माणसांस यादीपेक्षा लवकर कळतात. अशा घरासाठी मजबूत छप्पर ही तयारी नव्हे. त्या घराची तयारी म्हणजे वेळेवर ते सोडणे.

वेळेवर घर सोडण्याने काय साधते, हे ओरिसाने दाखवून दिले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांस आधीच हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत वारा सौम्य झाला नव्हता. निवारे बांधले गेले होते, आणि कोणी कोणास उठवावयाचे व कोठे न्यावयाचे हे गावागावांत ठरले होते. आपल्याकडे मात्र सरकारची सारी शक्ती वादळानंतर खर्च होते. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने रायगडला तातडीचे १०० कोटी रुपये जाहीर केले, बागायतीच्या भरपाईचे दरही वाढविले. ते योग्यच झाले. पण घरासाठी मिळालेल्या पैशातून तोच पत्रा त्याच खिळ्यांनी पुन्हा ठोकला जातो, आणि पुढच्या वादळास पुन्हा तोच पंचनामा करावा लागतो. भरपाईच्या रकमेतील थोडा भाग बोल्ट आणि पट्ट्यांच्या रूपाने द्यावा. घरकुलाचा अखेरचा हप्ता छपराचे बंध पाहूनच सोडावा. गरिबाने दहा वर्षांत एकदा येणाऱ्या वादळासाठी खर्च का करावा, हा आक्षेप येथे टिकत नाही. कारण हेच बंध दर मे महिन्यातील वळवातही उपयोगी पडतात, आणि वळीव काही दहा वर्षांची वाट पाहत नाही.

शहरवासीयांस हे सारे खेड्यांचे वाटत असेल, तर त्यांनी १३ मे २०२४ ची संध्याकाळ आठवावी. घाटकोपरला धुळीच्या वादळात एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे मेली. ते चक्रीवादळही नव्हते.

राहता राहिला प्रश्न निवाऱ्याचा. कर्जत-खालापूरच्या बहुतेक गावांत पक्की इमारत म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. परंतु वादळाचा पहिला हंगाम आणि शाळेची उन्हाळी सुट्टी एकाच वेळी येतात. त्या दिवसांत शाळेला कुलूप असते आणि गुरुजी आपल्या गावी गेलेले असतात. दर वर्षी १ मे रोजी ग्रामसभा भरते. कुंभिवलीत आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावात त्या दिवशी कच्च्या छपरांच्या घरांची यादी वाचली जावी, म्हातारी, आजारी व गरोदर माणसे कोणी आणावयाची हे ठरावे, आणि शाळेची दुसरी किल्ली गावात कोणाकडे राहील त्याचे नाव इतिवृत्तात लिहिले जावे. यंदाची ती सभा होऊन गेली असेल, तर पाऊस पडण्यापूर्वी खास सभा बोलाविण्याचा अधिकार सरपंचांस आहेच.